तिसरा फर्मा: लेखक आणि आम्ही जुने पुस्तकवाले

प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरची चाळ पुनर्विकासाला गेली, दोन महिन्यांत खोली रिकामी करायची आहे. वडिलांच्या कपाटात एका नामवंत लेखकाने सह्या करून दिलेली सात पुस्तकं आणि त्याच लेखकाची अकरा पत्रं निघाली. लेखक हयात आहेत. ‘आमच्या सह्यांचा बाजार मांडणारे लोक’ असं ते एका कार्यक्रमात आमच्या धंद्याबद्दल बोलल्याचं तुम्ही ऐकलंत. आता हे विकणं गैर आहे का, त्यांना विचारावं का, आणि लेखकांचं जुन्या पुस्तकवाल्यांशी एवढं वाकडं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती तोलून घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. पस्तीस वर्षं हाच धंदा करतोय. सुरुवात मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, ताडपत्री अंथरून. 2005 साली तिथले बरेचसे ठेले उठले, तेव्हा मी गिरगावात एक माळा भाड्याने घेतला आणि निवडक माल ठेवू लागलो: पहिल्या आवृत्त्या, सहीच्या प्रती, जुने दिवाळी अंक, लघुनियतकालिकं (कवी-लेखकांनी स्वतःच काढलेली छोटी नियतकालिकं). म्हणजे मी या भांडणातला पक्षकार आहे, पंच नाही.

कायद्याचं आधी उरकून घेऊ, ते सोपं आहे. एकदा विकली किंवा भेट दिली गेलेली छापील प्रत पुन्हा विकायला लेखकाची परवानगी लागत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्यात, प्रती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क लेखकाला देतानाच ‘आधीच चलनात असलेल्या प्रती’ वगळल्या आहेत. फुटपाथवरचा अख्खा धंदा त्या चार शब्दांवर उभा आहे. मूळ हस्तलिखिताचं मात्र वेगळं. त्याच कायद्याच्या 53अ कलमाप्रमाणे मूळ हस्तलिखित 10,000 रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर त्या किमतीत लेखकाचा किंवा वारसांचा वाटा निघतो, जास्तीत जास्त 10 टक्के. चित्रकार आणि शिल्पकारांनाही तोच हक्क आहे. पस्तीस वर्षांत या कलमाखाली वाटा मागणारा एकही मराठी लेखक मला भेटलेला नाही. बहुतेकांची हस्तलिखितं छापखान्यातून परतच येत नसत, हे त्याचं साधं कारण.

पत्रांचं गणित सगळ्यांत जास्त चुकतं. कागद तुमचा, मजकूर त्यांचा. वडिलांना आलेलं पत्र वारसाने तुमच्याकडे आलं, ते तुम्ही विकू शकता. पण त्यातली वाक्यं छापायची, जाहिरातीत अख्ख्या पत्राचा फोटो टाकायचा, हा हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. अमेरिकेत जे. डी. सॅलिंजर या कादंबरीकाराच्या बाबतीत हे दोनदा दिसलं. कोर्टात जाऊन 1987 साली त्याने आपल्या अप्रकाशित पत्रांतला मजकूर एका चरित्रात वापरू दिला नाही. पण 1999 साली त्याची एकेकाळची मैत्रीण, लेखिका जॉइस मेनार्ड हिने तिला आलेली त्याची 14 पत्रं सदबीजच्या लिलावात मांडली, तेव्हा तो ती विक्री अडवू शकला नाही. पत्रं 1,56,500 डॉलरला गेली. घेणारा पीटर नॉर्टन हा सॉफ्टवेअरवाला. त्याने सांगितलं की सॅलिंजरला हवी असतील तर मी परत करीन. शब्दांवर ताबा आणि कागदावर ताबा नाही, ही ती अडचण. लेखकाच्या जागी मी असतो तर माझीही झोप उडाली असती.

आता वाकडं का, ते.

लोक म्हणतात पैशामुळे. तेही खरंच आहे. साठ सालचं एखादं पुस्तक धरा, छापील किंमत 8 रुपये. रॉयल्टी 15 टक्के मिळाली असं समजा, म्हणजे त्या प्रतीमागे लेखकाला 1 रुपया 20 पैसे. तीच पहिली आवृत्ती, मुखपृष्ठ शाबूत, ग्रंथालयाचा शिक्का नाही, अशी मी गेल्या वर्षी साडेचार हजारांना दिली. त्यातला एक पैसाही लेखकाकडे गेला नाही. आणि हे तो लेखक चार लोकांत बोलला की आमची मंडळी चिडतात, ‘आम्ही नसतो तर किलोने गेलं असतं’ म्हणतात. तेही खरंच. पण ‘तुमचं पोर नाल्यातून मी काढलं, आता ते माझं’ असं म्हणण्यासारखं आहे ते.

पैशापेक्षा खोल दुखणं मी फाउंटनवर पाहिलं. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. एक कादंबरीकार दर शनिवारी यायचे, हायकोर्टाच्या बाजूने सुरुवात करून एकेक ठेला बघत. नाव घेत नाही, तुम्ही त्यांना वाचलेलं असणार. पार्ल्याच्या रद्दीवाल्याकडून माझ्याकडे एक लॉट आला होता, त्यात त्यांचंच एक पुस्तक होतं. त्यांनी उचललं, पहिलं पान उघडलं. निळ्या शाईत त्यांचंच अक्षर: एका मोठ्या समीक्षकाचं नाव, खाली ‘यांस, परखड अभिप्रायाच्या प्रतीक्षेत’, सही, तारीख. मी मनात म्हटलं, मेलो. पण ते तिथे थांबले नाहीत. पानं चाळत गेले आणि तिसऱ्या फर्म्याशी अंगठा अडकला. छापखान्यात कटिंग नीट झालं नव्हतं. पानांच्या कडा वरून जोडलेल्याच होत्या. फर्मा म्हणजे सोळा पानं. तेवढी पट्टीने फाडल्याशिवाय वाचता येत नाहीत. त्यांनी त्या जोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. तीसेक पानांपुढे कुणी गेलंच नव्हतं. त्या पुस्तकावर त्या समीक्षकाचं परीक्षण छापून आलं होतं, हे मला माहीत होतं, त्यांना तर होतंच.

“किती?”

“वीस, साहेब.”

वीसची नोट दिली, पुस्तक शबनममध्ये टाकलं आणि गेले. पुढचे सहा-सात शनिवार आले नाहीत. आले तेव्हा माझ्या ठेल्यासमोरून न बघता पुढे गेले. मी त्यांचं काही घेतलं नव्हतं, उलट कमीच पैसे सांगितले होते. पण त्यांच्या मैत्रीचा हिशेब माझ्या ताडपत्रीवर उघडा पडला होता, आणि तो मी पाहिला होता.

लेखकाला आमचा राग येतो तो इथून, असं माझं मत झालंय. त्याने पुस्तक कुणाला दिलं, त्या माणसाने त्याचं काय केलं, हे जगात कुणाला कळत नाही. आम्हाला कळतं. अमेरिकन लेखक पॉल थेरोची गोष्ट याच जातीची आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्याशी तीस वर्षांची मैत्री, आणि एक दिवस एका विक्रेत्याच्या यादीत त्याला स्वतःचं पुस्तक दिसलं, त्याने नायपॉलना लिहून दिलेलं, किंमत 1,500 डॉलर. त्या तुटलेल्या मैत्रीवर त्याने 1998 साली पुस्तकच काढलं. त्या विक्रेत्याने फक्त यादी छापली होती. बातमी पोचवली ती मात्र त्यानेच.

यात एक उपप्रकार आहे, फाडलेलं पहिलं पान. पुस्तक रद्दीत देताना घरचे लोक भीतीने नाव असलेलं पान फाडतात. लाज झाकते, पण पुस्तकाचा जीव जातो. सहीची प्रत दोन-तीन हजारांची, पान फाडलेली प्रत शंभराचीही नाही. तुम्ही असलं काही करू नका. केलं असेल तर ती पानं फेकू नका.

दुसरं दुखणं सहीचं. प्रकाशन समारंभाला आमच्यातला एखादा पिशवीत दहा-बारा प्रती घेऊन रांगेत उभा राहतो. मीही राहिलो आहे. लेखक ‘नाव काय घालू?’ विचारतो, आम्ही म्हणतो, ‘नाव नको, नुसती सही द्या.’ का, ते त्याला तिथेच कळतं. कारण ‘चि. अमुकला आशीर्वाद’ असं लिहिलेली प्रत त्या अमुकलाच मौल्यवान, बाजारात तिला उठाव कमी. अमुक जर स्वतः मोठा माणूस असला, तर मात्र चौपट. एका लेखकाने माझी पिशवी बघितली, काही बोलले नाहीत. अकराही प्रती समोर ओढून घेतल्या, प्रत्येकीवर ‘विकण्यासाठी नाही’ असं लिहिलं आणि खाली झोकदार सही केली. मी मान खाली घालून घरी आलो. त्या अकरा प्रती इतक्या भराभर गेल्या की शेवटची दोन गिऱ्हाइकं त्यावरून भांडली.

ही या धंद्याची खोड आहे. लेखक जेवढा हात आखडता घेईल तेवढी वस्तू महाग. कॉर्मॅक मॅकार्थीने आपल्या एका गाजलेल्या कादंबरीच्या 250 प्रतींवर सह्या केल्या आणि त्या सगळ्या मुलाला देऊन टाकल्या: अठरा वर्षांचा झाला की विकेल आणि मजा करेल. बाकी कुणाला त्या पुस्तकावर सही नाही. विक्रेत्यांना बाजूला सारून किमतीचा फायदा घरातच ठेवायचा, हा मला माहीत असलेला सगळ्यांत व्यवहारी लेखक. आपल्याकडे हे कुणाला सुचलं नाही. सुचलं तरी ‘पैशासाठी सही करतो’ म्हणून लोकांनी नावं ठेवली असती.

आणि तिसरं दुखणं, माझं सगळ्यांत आवडतं: लेखकाला जे विसरायचं असतं तेच आम्हाला हवं असतं. ग्रॅहम ग्रीनने आपल्या 1930 आणि 1931 सालच्या दोन कादंबऱ्या पुन्हा कधी छापू दिल्या नाहीत. वाचकांपासून लपल्या, पण विक्रेत्यांच्या यादीत त्यांना मोठा भाव. त्याच्याही आधी नॅथॅनिएल हॉथॉर्नने 1828 साली स्वतःच्या खर्चाने, नाव न घालता काढलेलं पहिलं पुस्तक मित्रांकडून गोळा करून नष्ट करायचा प्रयत्न केला. ज्या थोड्या प्रती शिल्लक राहिल्या त्या आज अमेरिकेतल्या दुर्मीळ पुस्तकांत मोजतात. गिरगावातले एक ज्येष्ठ कवी मला सांगत, ‘माझा पहिला संग्रह कुठे दिसला तर उचल, मी घेतो.’ चार-पाच वर्षांत सहा प्रती दिल्या. वाटलं, नातवंडांना देत असतील. नंतर त्यांच्या पत्नीने हसत सांगितलं, “बंबात गेल्या हो सगळ्या. आंघोळीचं पाणी तेवढं तापलं.” आता माझ्याकडे सातवी आली तर मी काय करायचं? त्यांना द्यायची, की ज्याला ती पुढची पन्नास वर्षं जपायची आहे त्याला? सातवी आली. मी त्यांना कळवलं नाही. हे बरोबर केलं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही.

दुर्मीळपणा बऱ्याचदा असा कुणी मुद्दाम केलेला नसतो, हेही खरं. मराठीत आवृत्ती हजारेक प्रतींची. त्यातल्या बऱ्याच ग्रंथालयांत जातात. तिथे शिक्के बसतात, मुखपृष्ठ काढून कापडी बाइंडिंग होतं. त्यामुळे चित्रकार दीनानाथ दलालांचं चित्र असलेलं मुखपृष्ठ शाबूत दिसलं की गिऱ्हाईक आत काय आहे ते न बघता घेतं. लेखकाला ते कळलं की तो आणखी चिडतो, आणि तिथे माझी पूर्ण सहानुभूती त्याला आहे. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ म्हणाल तर पॉप्युलर प्रकाशनाच्या आवृत्त्या कुठेही मिळतील. लोक शोधतात ती पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढलेली 1963ची. अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ 1976 साली क्लिअरिंग हाउसने काढलं, म्हणजे त्यांनी आणि त्यांच्या कवीमित्रांनी मिळून. पन्नाशीच्या दशकातलं ‘शब्द’ हे लघुनियतकालिक तर सायक्लोस्टाइल केलेलं, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढलेलं, त्या कागदाला हात लावायची भीती वाटते. ज्यांनी बाजाराला नाकारून हे स्वतःच्या हाताने काढलं, त्यांच्याच वस्तूंना आज सगळ्यांत जास्त भाव आहे. त्यातला विनोद त्यांना कळला असता असं मला वाटतं.

लेखकांच्या तक्रारींतली एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी: खोट्या सह्या. गेलेल्या मोठ्या लेखकांच्या सह्या मुंबईत आरामात तयार होतात. एका सद्गृहस्थांनी मला प्रत दाखवली: सहीखाली 1981 सालची तारीख, आणि पान उलटून पाहिलं तर पुनर्मुद्रण 1984. दुसऱ्यात पन्नाशीच्या दशकातल्या सहीची शाई जेल पेनची. आपले प्रकाशक पुनर्मुद्रणालाही ‘आवृत्ती’ म्हणतात, त्याचाही फायदा उठवला जातो. अशा लोकांमुळे लेखक आम्हा सगळ्यांना एकाच पिशवीत घालतात, आणि मला त्यांना दोष देता येत नाही.

माझीही एक चूक सांगतो, तुमच्या पत्रांशी तिचा संबंध आहे. मी गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर नवीन मालाचे फोटो टाकतो. एकदा एका कवितासंग्रहाचं पहिलं पान टाकलं. कवीने एका बाईंना उद्देशून चार ओळी लिहिल्या होत्या, सुंदर होत्या म्हणूनच टाकल्या. तासाभरात एका माणसाचा फोन आला. आरडाओरडा नाही, काही नाही. “ती माझी आई आहे. आत बसली आहे. तिला कुणीतरी फॉरवर्ड केलं.” फोटो काढला, प्रत त्यांच्या घरी स्वतः नेऊन दिली, पैसे घेतले नाहीत. पण चाळीस फोनवर गेलेला फोटो परत आणता येत नाही. त्या दिवसापासून माझा नियम आहे: ज्याला लिहून दिलंय तो किंवा त्याच्या घरचं जवळचं माणूस हयात असेल, तर लिहिलेलं पान गटावर दाखवत नाही. घेणारा येऊन बघेल.

लेखक आणि विक्रेता हे एकाच अंगरख्यात राहूही शकतात. अमेरिकेतला लॅरी मॅकमर्ट्री मोठा कादंबरीकार, आणि जन्मभर जुन्या पुस्तकांचा दुकानदार. टेक्सासमधल्या आपल्या छोट्या गावात त्याने इमारतीच्या इमारती पुस्तकांनी भरल्या. 2012 साली त्यातली सुमारे तीन लाख लिलावात काढली. आपल्याकडे फाउंटनवर घासाघीस करणारे निम्मे लोक लेखकच असायचे. आम्हाला नावं ठेवणाऱ्यांची कपाटं आमच्याकडूनच भरली आहेत, हे ते सभेत सांगत नाहीत एवढंच.

आता तुमचं.

सात पुस्तकं विका. त्यात गैर काही नाही. तुमच्या नव्या घरात ती कपाटं मावणार नाहीत आणि ग्रंथालयं आजकाल फुकटही घेत नाहीत. पण विकण्यापूर्वी त्या लेखकांना एक पत्र टाका. परवानगीसाठी नाही, कळवण्यासाठी. ‘वडील गेले, तुमची पुस्तकं त्यांनी जपली होती, आता आम्हाला ठेवता येत नाहीत, तुम्हाला एखादी हवी असेल तर सांगा.’ माझ्या अनुभवात दहातले सात काहीच उत्तर देत नाहीत, दोन जण एखादी प्रत मागतात, आणि एखादा फोन करून तासभर तुमच्या वडिलांबद्दल बोलतो. यादीत किंवा फुटपाथवर अचानक दिसण्यापेक्षा हे त्यांना सोपं जातं.

पत्रं आता विकू नका. अकराही वाचा, एकटीने बसून. त्यात तिसऱ्या माणसाबद्दल काही असेल, कुणाचं आजारपण, कुणाची उधारी, तर ती पत्रं वेगळी काढा. उरलेली एखाद्या संशोधन संस्थेला द्यायचा विचार करा. तिथे ती एकत्र राहतील, माझ्याकडे आली तर अकरा घरांत जातील. हे सांगताना माझं नुकसान आहे, ते मला कळतं.

आणि तोपर्यंत पुस्तकं ओल्या फडक्याने पुसू नका, सेलोटेप लावू नका, वडिलांनी समासात पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर खोडू नका. डांबराच्या गोळ्या थेट पुस्तकांत टाकू नका, कागदात गुंडाळून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. कसर लागली असेल तर ते पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं करा. पत्रं घडी उलगडून सपाट ठेवा, पाकिटांसकट; पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख कधीकधी पत्रात नसते.

ते कादंबरीकार गेले त्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या सुनेने मला बोलावलं. तीन कपाटं होती. समीक्षकाला दिलेली ती प्रत वरच्या खणात सापडली, कोपऱ्यात माझ्या पेन्सिलीने लिहिलेला ‘20’. तिसरा फर्मा तसाच जोडलेला. त्यांनीही तो फाडला नव्हता. सुनेला मी म्हटलं, ही एक तुम्ही ठेवा. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही.